मांडीतली पट्टी

नर्सने डबी माझ्या हातात ठेवली तेव्हा ती कोमट होती. "आत्ताच निर्जंतुक करून आणलीय," ती म्हणाली, "म्हणून गरम लागतेय." पण तिचं वाक्य पुरं होईपर्यंत माझ्या मनाने भलतंच काही धरलं होतं, आणि मग ते सुटता सुटेना. पांढऱ्या झाकणाची साधी प्लास्टिकची डबी. आत पोलादी पट्टीचे दोन तुकडे. बसमधून उतरताना पाय घसरून ताईच्या मांडीचं हाड मोडलं, त्या हाडाला स्क्रूंनी आवळून धरायला डॉक्टरांनी बसवलेली ही पट्टी. ती मधल्या एका भोकापाशी आडवी तुटली होती. डबी मी पिशवीत टाकली, आणि चालायला लागले की आत तुकडे एकमेकांवर आपटून वाजायचे. तुटलेला धातू बघण्यातच माझं सगळं वय गेलं आहे. बॉयलरच्या नळ्या, पुलाचे बोल्ट, पंपांचे दांडे. लोक खोक्यांत भुसा भरून, वर 'नाजूक' असं लिहून आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात, आणि तुटून गेलेल्या वस्तूला आता कसली नाजूक म्हणता, म्हणून आम्ही हसतो. ते सगळं थंड असतं. कोणाच्या तरी आतून आलेलं, कोमट, असं माझ्याकडे कधी काही आलं नव्हतं. लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "मुलगा की मुलगी?" कारण वरचा मजला बाळंतिणींचा होता आणि मी पिशवी छातीशी धरली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण."

सकाळीच डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला होता. "पेशंट ऐकत नाहीत," ते म्हणाले. "वॉकर सोडून वेळेआधी पायावर पूर्ण वजन टाकलं की असंच होतं." माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, आणि हे वाक्य त्याने आजवर इतक्या जणांना ऐकवलं असणार की ते आपोआपच तोंडातून पडलं. मला चरका बसला तो ताईच्या उत्तराने. छताकडे बघत ती म्हणाली, "चूक माझीच आहे, डॉक्टर." ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी, माझं पाढे पाठ करणं, माझे दात पडणं, सगळं तिच्याच हाताखाली झालं. आणि एवढ्या वर्षांत चूक तिची आहे असं तिने कधी कबूल केल्याचं मला आठवत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर ती मिठाची चूक असायची. दूध उतू गेलं तर दुधाला धीर नव्हता. सार्वजनिक तरणतलावावर तिने तीस-पस्तीस वर्षं मुलींना पोहायला शिकवलं, आणि स्पर्धेच्या पंचाशी ती एकदा इतकी भांडली की शेवटी पंचानेच तिची माफी मागितली. ती बाई अशी पटकन मान तुकवते म्हणजे काहीतरी आपल्याला ठाऊक नाही, एवढं मला कळलं. ऑपरेशनला नेताना तिने माझं मनगट धरलं. "बारके, वरच्यांना काही कळवू नकोस." मला वाटलं, भुलीचं औषध चढायला लागलं. देवाचं नाव घेणारी ती नव्हे, आणि घेतलंच असतं तरी त्याला बातमी आम्ही कळवायची असं थोडंच असतं. मी "बरं" म्हटलं आणि तिची चादर सारखी केली.

या वेळी हाडाच्या आत सळई घातली. ऑपरेशन नीट झालं; डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त उभं करा, जितकं चालतील तितकं बरं. मी रजा टाकून ताईच्या घरी राहायला आले. पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या मला तळहातासारख्या पाठ होत्या, तरी ताईशिवाय, म्हणजे उभ्या ताईशिवाय, त्या ओळखीच्या वाटेनात. तिच्या हाताला येतील अशा उंचीवर सगळ्या वस्तू होत्या आणि ती खिडकीशी खुर्चीत बसलेली, पाय स्टुलावर, टाचेखाली उशी. व्यायाम करून घेणारी बाई रोज यायची. ताई तिच्याशी गोड बोलायची, तिच्या मुलाबाळांची चौकशी करायची, खुर्चीतल्या खुर्चीत सगळे व्यायाम मन लावून करायची, आणि उभं राहायची वेळ आली की म्हणायची, "उद्या बघू." एकदा आम्ही दोघींनी धरून तिला उभं केलं. तिने चांगला पाय टेकला, दुसरा जमिनीपासून कागदभर वर धरून ठेवला, आणि तिच्या कपाळावर असा घाम फुटला की मीच म्हटलं, बसू दे. दुखत नव्हतं तिला. मी विचारलं तर म्हणाली, "दुखत असतं तर बरं होतं." त्या दिवशी भांडी घासताना मला तलाव आठवत राहिला. क्लोरीनचा वास, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, आणि कमरेपर्यंत पाण्यात उभी असलेली ताई, तिचा तळवा माझ्या पाठीखाली. "अंग सोड," ती म्हणायची, "पाणी धरतं." माझे कान पाण्याखाली असायचे, त्यामुळे तिचा आवाज लांबून, पण सगळीकडून यायचा. तिने हात कधी काढून घेतला ते मला कळलंही नव्हतं. हजारो मुलींना असं अंग सोडायला लावणारी बाई आता स्वतःच्या पायावर किलोभर वजन टाकायला तयार नव्हती.

पट्टी तशीच पिशवीत होती. ती प्रयोगशाळेत न्यावी की नको, हे बरेच दिवस माझ्या मनात घोळत राहिलं. एक तर घरचं काम सरकारी यंत्रावर. दुसरं, मला जे दिसेल ते मला नको असलं तर? शेवटी मी वरिष्ठांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "माणसाच्या शरीरात तुटलेली वस्तू आहे. घरचं काम कसलं?" यंत्रावर आमचा जुना सहकारी बसतो. त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण तो दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलतो आणि त्यातलं एक 'चहा' असतं. त्याने तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, आणि पडद्यावर करड्या रंगाचा एक डोंगराळ प्रदेश उघडला. चीर जिथून पुढे सरकत गेली होती तिथे रेषाच रेषा होत्या, ओहोटीला वाळूवर राहतात तशा. अगदी जवळजवळ, एकीला लागून दुसरी. पट्टीवर जोर येतो, चीर केसाच्या कितीतरी लहान भागाइतकी पुढे जाते आणि थांबते. पुन्हा जोर, पुन्हा रेष. मांडीतल्या पट्टीवर जोर येतो तो पाऊल टाकल्यावर. मौनी बराच वेळ चित्र सरकवत राहिला आणि मग म्हणाला, "फार चाललेत हे."

"चाललीय," मी म्हटलं. "माझी बहीण आहे."

तो उठला, कोपऱ्यातली पाठीची खुर्ची ओढत आणली आणि माझं स्टूल काढून ती मला दिली.

खुर्चीत बसून मी त्या रेषांकडे बघत राहिले. मी रोज फोन करायचे तेव्हा ताई सांगायची, पडूनच असते गं, फार तर मोरीपर्यंत जाते, वॉकर घेऊन. पडून असलेल्या माणसाच्या या रेषा नव्हेत. वॉकरवर अर्धं वजन टाकणाऱ्याच्याही नव्हेत. ही बाई पूर्ण पाय टाकून, मनापासून चालली होती, पुष्कळ आणि रोज. मला राग आला असं म्हणता येणार नाही. पुढच्या खोलीत बसलेल्या माणसाने आपल्याला न सांगता एखादं गाणं शिकावं आणि आपण ते भिंतीपलीकडून ऐकावं, तसं काहीसं वाटलं. कुठे जात होती ती? त्याच वेळी मनाचा दुसरा, कामावरचा भाग कुरकुरत होता, की एवढ्याने पट्टी तुटत नाही. साठी उलटलेली, सडपातळ बाई. तिच्या चालण्याने चांगलं पोलाद इतक्यात हार मानत नाही. मग आम्ही चीर सुरू झाली त्या टोकाशी गेलो, भोकाच्या कडेला. तिथे रेषा नव्हत्या. तिथे धातू कणाकणांनी सुटा झाला होता, भिंतीतला चुना झडून गेल्यावर अख्ख्या विटा मोकळ्या व्हाव्यात तसा. मौनीने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसाच्या चार वाक्यांतलं दुसरं त्याने तेव्हा खर्च केलं. "टोक करू या."

टोक करणं म्हणजे त्या जागेतून धातूची एक सुई कोरून काढायची, इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही ती दिसू नये. मग ती निर्वात नळीत, भयंकर थंडीत ठेवून तिला विजेचा ताण द्यायचा. टोकावरचे अणू एकेक करून सुटतात, समोरच्या पडद्यावर जाऊन आदळतात, आणि कोणता अणू कुठून सुटला याचा हिशेब यंत्र ठेवतं. त्या हिशेबावरून ते सुई पुन्हा उभी करून दाखवतं, ठिपक्याठिपक्याने: लोखंड गुलाबी, क्रोमियम हिरवं, कार्बन काळा. मी इतकी वर्षं हे बघते आहे, तरी पहिले ठिपके उमटू लागले की अजून माझा हात तोंडावर जातो. न गंजणारं पोलाद गंजत नाही ते क्रोमियममुळे. ते पृष्ठभागावर एक पातळ साय धरतं आणि खालच्या लोखंडाला पाणी लागू देत नाही. मात्र घडवताना पोलाद नको त्या तापमानात जास्त वेळ रेंगाळलं, आणि त्यात कार्बन हवा त्याहून अधिक असला, तर कणांच्या शिवांवर, म्हणजे दोन कण एकमेकांना भिडतात त्या सीमांवर, कार्बन क्रोमियमला ओढून घेतो, त्यांचे गठ्ठे होतात आणि शिवेलगतचा भाग क्रोमियमवाचून उघडा पडतो. बाहेरून काही दिसत नाही. पट्टी चकचकीतच असते. शरीरातलं खारं पाणी तेवढी वाट शोधून काढतं. आमच्या चित्रात ती वाट स्पष्ट दिसत होती: हिरव्या दाट गर्दीतून खाली उतरत गेलेली एक विरळ रेघ, जवळपास निव्वळ गुलाबी. कडेला काळे-हिरवे गठ्ठे. आम्ही पट्टीच्या दुसऱ्या टोकातून, जिथे कसलाही जोर येत नाही तिथून, आणखी एक सुई काढली. तिथेही तेच. पट्टी ताईच्या मांडीत जाण्याआधीच तशी होती.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, "म्हणजे त्याच भट्टीतल्या बाकीच्याही?" मी म्हटलं, तपासल्याशिवाय वापरू नका. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. कपाटातल्या पट्ट्या बाजूला काढल्या होत्या, कंपनीला कळवलं होतं, आणि ज्यांच्या शरीरात त्या आधीच बसवल्या होत्या त्या माणसांना तपासणीसाठी बोलावणं सुरू झालं होतं. मग ते म्हणाले, "तुमच्या ताईंना मी त्या दिवशी बोललो ते... तुम्ही सांगाल, की मी येऊन सांगू?" मी म्हटलं, मी सांगते.

सांगणं मात्र दोन दिवस लांबलं. ताई खिडकीशी बसून शेंगा सोलायची, मी समोर बसायचे आणि वाक्य जुळवायचे. खोटं न बोलता कितपत सांगावं हे ठरत नव्हतं. त्यातच दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते, धुतलेला सदरा, खिशाला लाल पेन्सिल. वरच्या मजल्यावर राहणारे. मी त्यांना जिन्यात ओझरतं पाहिलं होतं; छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. जिन्यातल्या सूचनांवर लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा इसम हाच, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. "बाई बऱ्या आहेत का?" त्यांनी विचारलं. मी वळून पाहिलं. आतून ताईने हात हलवून 'नाही' अशी खूण केली, आणि तिचा चेहरा असा तांबूस झाला होता की तसा मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"झोपलीय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुद्रितातली चूक लगेच दिसणारी नजर होती ती. "हरकत नाही," ते म्हणाले. "घाई नाही म्हणून सांगा." आणि कठड्याला धरून ते सावकाश वर गेले. दार लावून मी तिथेच उभी राहिले. वरच्यांना काही कळवू नकोस. मला हसू फुटलं, ते मी दाराकडे तोंड करून आवरलं, आणि मग का कोण जाणे डोळे भरून आले. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची माझी ताई. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, पोहणाऱ्याने दगड कशाला बांधून घ्यावा.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि पट्टीबद्दल सगळं सांगितलं. क्रोमियमची साय, भट्टीत रेंगाळलेलं पोलाद, शिवा, खारं पाणी. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी चालले नसते तर तुटली नसती?"

"डॉक्टरांनी परवानगी दिली होती तेवढीच चालली असतीस तरी तुटली असती."

"पण कधी?"

"उशिरा. किती उशिरा ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे चालले म्हणून लवकर तुटली."

"हो," मी म्हटलं. तिच्याशी लबाडी करता येत नाही. लहानपणापासून कधी जमलेली नाही. "लवकर तुटली. तू पुष्कळ चालली होतीस, ताई. ते दिसतं त्यात."

तिचे हात थांबले. "दिसतं?"

"रेषा दिसतात. पावलांच्या."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला, येऊ दे, येऊ दे, म्हणत होतं. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. पहिल्यांदा ती वर गेली ती भांडायला. पोहण्याच्या वर्गाची तिने लावलेली सूचना त्यांनी लाल करून ठेवली होती. भांडण चहावर संपलं, कारण चूक तिची होती. पण हे तिने त्यांना सांगितलं नाही. पाय मोडल्यावर ते रोज खाली येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, चुकांसकट, चुकांवर जास्त. मग काही दिवस आले नाहीत. "ताप होता त्यांना. एकटा माणूस. जिन्यात वॉकर मावत नाही, म्हणून तो खाली ठेवला आणि कठडा धरून गेले. पेज करून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ताप उतरला तरी जातच राहिले." ती थोडी हसली. "तुला फोनवर पडून असते म्हणून सांगायचे, तेव्हा सपाता पायातच असायच्या. आणि त्या दिवशी खाली आले, कडी लावली, वळले, आणि आत कट्‌ असं वाजलं. तिथे फरशीवर पडल्या पडल्या मला काय वाटलं सांगू? वाटलं, बरोबर आहे. या वयात असले जिने चढायला निघालीस, घे आता. लोकांचं सोड गं. माझा माझ्यावरचा भरवसाच गेला. मी एवढी वर्षं पोरींना सांगत आले, अंगाला सगळं कळतं. आणि माझं अंग मला म्हणत होतं, जा वर, आणि आत पट्टी तुटत होती."

मी तिच्या मांडीवरच्या परातीतल्या शेंगा घेऊन सोलायला लागले. धातूबद्दल मला जे ठाऊक होतं ते सांगून झालं होतं.

"उशिरा तुटली असती म्हणजे," ती मधेच म्हणाली, जणू स्वतःशीच हिशेब करत, "तोवर मी घरात बसून असते. वॉकर घेऊन मोरीपर्यंत. आणि मग तुटलीच असती."

"हो."

"आणि ते वर तापात एकटे."

"हो."

"मग बरं झालं चालले," ताई म्हणाली.

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की शेंगेचं टरफल माझ्या बोटांत तसंच राहिलं. तिने परात बाजूला ठेवायला सांगितलं. पाय स्टुलावरून खाली घेतला. मी काठी पुढे केली आणि दुसऱ्या बाजूने तिला धरलं. ती उभी राहिली. ऑपरेशन झालेला पाय जमिनीच्या वर तसाच, कागदभर. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो पाय टेकला. आधी चवडा, मग टाच. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि काही वाजतंय का हे आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो. काही वाजलं नाही. घरात फक्त नळ ठिबकत होता. "हं," ती म्हणाली, आणि दुसरं पाऊल टाकलं.

त्यानंतरचे दिवस खोलीतून खोलीत, मग गॅलरीत, मग दारापर्यंत असे गेले. व्यायामवाल्या बाईंनी जिना कसा चढायचा ते शिकवलं: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. ताईने ते दोनदा म्हणवून घेतलं आणि त्या बाईंचीच उजळणी घेतली. रविवारी दुपारी तिने केस विंचरले, निळी साडी काढायला सांगितली, नंतर निळी नको म्हणाली, नंतर निळीच दे म्हणाली. आम्ही दार ओढून घेतलं. पहिल्या पायऱ्या मी तिच्या कमरेभोवती हात घालून चढले. एका हाताने तिने कठडा धरला होता, दुसऱ्यात काठी, आणि दर पायरीला तिचा भार थोडा माझ्यावर यायचा, थोडा पायावर. तिचं वजन एवढं कमी असेल असं मला वाटलं नव्हतं. मधल्या वळणावर खिडकी आहे. तिथे आम्ही थांबलो. तिला धाप लागली होती. पदराने तिने गळा टिपला, वर पाहिलं, मग माझा हात कमरेवरून सोडवून माझ्याच दुसऱ्या हातात दिला, एखादी वस्तू परत करावी तसा.

"आता तू जा," ती म्हणाली.

"ताई, उरलेल्या पायऱ्या..."

"चढेन. तू खाली जा. आणि दार लावून घे, उगाच कान देऊन बसू नकोस."

मी अर्धा जिना उतरले आणि थांबले. दार लावलं नाही. वर काठी टेकायची, मग पाऊल, मग दुसरं पाऊल, मग जरा शांतता. पुन्हा काठी. ती अजून वर पोचली नव्हती, तोच वरची कडी निघाल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी म्हणालं, "सावकाश, बाई. मी उभा आहे."